आठशे साठ नग

"मी सही करायची नाय, साहेब." यमुनाबाईंनी कागद टेबलावर परत सरकवला.

विश्वजीत साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "ताई, क्वेरी तुम्ही लिहिली, यादी तुम्ही काढली. आता सही करायला काय झालं? एक वाजता माल घेणाऱ्या पार्टीला मेल गेलाच पाहिजे."

"यादी माझीच हाय. म्हणून तर सांगते, अपुरी हाय."

वाळूजच्या त्या कारखान्यात रिक्षांचे ब्रेक शू बनत. लोखंडी शूवर लायनर, म्हणजे घासणारा पट्टा, चिकटवायचा आणि भट्टीत तापवायचा. भट्टी एकशे ऐंशी अंशांखाली गेली, की चिकटवलेलं कच्चं राहतं. मार्चच्या एका आठवड्यात तीन नंबरची भट्टी अशीच मधूनमधून थंडावली होती. तो माल बाहेर गेला होता आणि आता त्यातला कमी तापलेला प्रत्येक नग परत मागवायचा होता.

सिल्लोडच्या यमुनाबाई सपकाळ इथे पॅकिंगला लागल्या होत्या. चाळिशीत त्या एसक्यूएल शिकल्या, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, आणि क्वालिटीच्या खुर्चीवर बसल्या. दोन वर्षांपूर्वी कंपनीने नोएसक्यूएल डेटाबेस घेतला. प्रत्येक मशीन आपल्या मनाला येईल तशी नोंद पाठवणार आणि तो ती तशीच ठेवून घेणार. "तुमचं एसक्यूएल आता म्युझियमला देऊन टाका," असं विश्वजीत साहेब तेव्हा सगळ्यांसमोर हसत म्हणाले होते. मग मनस्विनी नावाची नवी इंजिनिअर आली. तिने त्या डेटाबेसवर एक लेयर बसवला. यमुनाबाईंनी नेहमीसारखं एसक्यूएलमध्ये विचारायचं, मधला लेयर ते डेटाबेसला समजेल असं करून उत्तर आणणार. त्या लेयरवरच त्यांची खुर्ची टिकली होती.

आणि आज त्याच लेयरवर त्या बोट ठेवत होत्या.

"मने, तूच बघ," त्या मनस्विनीला म्हणाल्या. "आठवड्याचे एकूण नग तीन हजार नऊशे. एकशे ऐंशीच्या खालचे सहाशे चाळीस. वरचे विचारले, तर तीन हजार दोनशे साठ यायला पायजे होते, बरोबर एकशे ऐंशीवाले धरून बी. आले दोन हजार चारशे. आठशे साठ नग खालच्यात बी नाय अन् वरच्यात बी नाय. गेले कुठं?"

"ताई, लेयर सहा महिने प्रॉडक्शनमध्ये चालतोय. एकदाही एरर आला नाही."

"म्हणून तर भ्या वाटतं."

मनस्विनीने मूळ नोंदी उघडल्या आणि तिचा चेहरा उतरला. त्या आठवड्यातल्या बुधवारी भट्टीचा कंट्रोलर बदलला होता. नवा कंट्रोलर तापमानाच्या आकड्यापुढे सेल्सिअसचं 'सी' हे अक्षर जोडून पाठवत होता. लेयरला तिथे नुसता आकडा हवा होता. अक्षर दिसलं, की तो रकाना रिकामा धरायचा. रिकामा रकाना ना कमी, ना जास्त. दोन्ही वेळा तो नग गुपचूप गळायचा.

तिने हाताने मोजलं. आठशे साठांपैकी चारशे बारा नग कच्चे होते.

विश्वजीत साहेबांनी दार लावून घेतलं. "हे बघा, आज सहाशे चाळीसच जाऊ द्या. बाकीचं आपण नंतर शांतपणे बघू. आपली सिस्टीम नग गाळते हे पार्टीला कळलं, तर मागचे सगळे रिपोर्ट उघडतील."

"उघडू द्या की."

"लेयर बंद होईल, ताई. मग तुम्ही इथं करणार काय?"

यमुनाबाईंना हा प्रश्न नवा नव्हता. सकाळी ती बेरीज चुकली तेव्हाच त्यांनी तो स्वतःला विचारला होता.

"पॅकिंग करीन. आधी तेच करत व्हते ना? पर ते शू रिक्षात बसलेत, साहेब. त्यात लोकांची लेकरं शाळेत जातात. तुम्ही म्हणता नंतर बघू. नंतर काय बघायचं?"

त्यांनी पेन काढलं. यादीच्या खाली लिहिलं: 'ही यादी अपुरी आहे. आणखी ४१२ नग सदोष. नंबर सोबत जोडले आहेत.' त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली.

"आता पाठवा. नाय तर माझ्या सहीबिगर पाठवा."

कुणी न सांगता मनस्विनीने पेन घेतलं आणि त्यांच्या सहीखाली आपली सही केली. साहेबांनी कागद ओढून घेतला आणि स्कॅनरवर ठेवला. एकला पाच मिनिटं कमी असताना मेल गेला, एक हजार बावन्न नगांचा.

पुढच्याच आठवड्यात लेयर बंद झाला. मागचे दोन रिपोर्टही चुकीचे निघाले. यमुनाबाईंच्या हट्टापायी लेयर ठेवावा लागला होता, असं साहेबांनी वर कळवलं. यमुनाबाईंची बदली परत आलेल्या मालाच्या शेडमध्ये झाली.

मनस्विनी शेडपर्यंत धावत आली. "ताई, मी हेड ऑफिसला लिहिते. चूक माझ्या लेयरची होती."

"लिही, पर माझ्यासाठी रडगाणं नको. तू एक कर. त्या नव्या डेटाबेसची भाषा मला शिकव. रोज जेवणाच्या सुट्टीत ये. मधी लेयर नको कुणाचा."

"अवघड आहे ती, ताई."

"मग आजपासूनच बसू."

दुपारी पहिली खोकी आली. यमुनाबाईंनी ब्लेडने पट्टी कापली, एक शू उचलला आणि लायनरच्या कडेत नख घातलं. लायनर अलगद सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी नंबर वाचला, चारशे बारांच्या यादीत तो शोधून खूण केली आणि पुढचा नग उचलला.