खिडकीच्या कागदातलं भोक

मालसुक दक्षिणेकडची, समुद्राकाठच्या गावातली. तिच्या माहेरी भर हिवाळ्यातही परसात कोबी हिरवागार उभा असायचा, आणि बर्फ पडलाच तर दुपारपर्यंत वितळून जायचा. नवरा दूरच्या समुद्रात मासेमारीच्या जहाजावर गेला, दोन वर्षांच्या बोलीवर, आणि ती चार वर्षांच्या मिसुनला घेऊन सोलला आली. एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचं काम मिळालं आणि टेकडीवरच्या दाटीवाटीच्या वस्तीत, एका लहानशा घरातली फाटकाजवळची खोली भाड्यानं मिळाली. घरमालकीण पन्नाशी ओलांडलेली विधवा. ती उत्तरेच्या हामहुंगची, कोरियाच्या लढाईच्या धामधुमीत जहाजानं दक्षिणेत आलेली; मग मधली सरहद्द बंद झाली आणि परतीची वाट कायमची तुटली. तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्या गल्लीला ती हामहुंगच्या काकू.

सोलचा हिवाळा मालसुकला नवा होता, आणि कोळशाच्या वड्या त्याहून नव्या. खोलीबाहेरच्या चुलाण्यात भोकाभोकांच्या त्या गोल वड्या एकीवर एक रचायच्या. खालची जळून राख होत आली की ती काढायची, वरची पेटती खाली सरकवायची आणि नवी वर ठेवायची, भोकाला भोक जुळवून. मग धग जमिनीखालून फिरते आणि अंथरूण घातलेली फरशी रात्रभर कोमट राहते. एवढंच काम, पण ते दिवसातून दोन-तीन वेळा आणि वेळच्या वेळी व्हायला हवं. मालसुककडून ते होत नसे. आठवड्यातून दोनदा तरी तिची वडी विझायची, आणि ती कोरी वडी चिमट्यात धरून काकूंच्या चुलाण्याशी जायची. कोरी द्यायची, पेटती घ्यायची, असा गल्लीचा रिवाजच होता.

"विझली वाटतं पुन्हा?" काकू विचारायच्या.

"भोकं जुळली नव्हती, काकू."

"दिवसभर सुईत दोरा ओवतेस ना गं? हे तर बोट जाईल एवढं भोक आहे."

पण वडी द्यायच्या. मिसुनला दिवसभर सांभाळायच्या, आणि दुपारी मालसुकच्या चुलाण्यातली वडीही बदलून टाकायच्या. थंडीबद्दल कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, "ही कसली थंडी. आमच्या हामहुंगला थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठायची." मिसुन मग अंगणात जाऊन थुंकून बघायची आणि हिरमुसून परत यायची.

भांडण झालं ते पाण्यावरून. मालसुकनं माहेरच्या सवयीनं सकाळी तोंड धुतल्याचं पाणी फाटकाबाहेर फेकलं. ते तिथल्या तिथे गोठलं आणि काकू त्यावरून घसरून कमरेवर आपटल्या. मालसुक धावत गेली, पण काकूंनी तिचा हात झिडकारला.

"तुम्हा दक्षिणेच्या लोकांना बर्फ म्हणजे काय ते कळतच नाही. जा आपल्या गावाला, तिथे ओत काय ओतायचं ते."

मालसुकला आधीच उशीर झाला होता, शिवाय आदल्या दिवशी कारखान्यात बोलणी बसली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आम्हाला परत जायला निदान गाव तरी आहे."

काकू भिंतीला धरून उठल्या, लंगडत आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मालसुक गल्लीत उभी राहिली. बोललेलं परत घेता येत असतं तर तिनं तिथल्या तिथे घेतलं असतं. पण कारखान्याचं फाटक बंद व्हायची वेळ झाली होती, आणि संध्याकाळी परत आली तेव्हा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तर मुळीच झाला नाही.

त्या दिवसापासून दोघींमधून विस्तव जाईना. मिसुनला मालसुक कारखान्यात नेऊ लागली. पोर दिवसभर मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसून असायची. आणि नेमकी तेव्हाच थंडीची लाट आली. नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठली, शेजारच्यांचा सोयाबीनच्या सॉसचा रांजण उभा तडकला. काकू दुखरी कंबर घेऊन घर थंडीपासून वाचवायच्या मागे लागल्या. नळाला गवती दोर गुंडाळून वर पोतं बांधलं. आपल्या दाराला जुनी गोधडी लटकवली. गल्लीत राख पसरली, ती मालसुकच्या पायरीपुढेही पसरली, पण मान वर न करता.

विचारायची सोय उरली नव्हती, म्हणून मालसुक बघून बघून शिकली. तिनंही दाराला गोधडी लावली. पिठाची खळ शिजवून, काचेऐवजी कागद लावलेल्या खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, दाराच्या चौकटीत चिंध्या कोंबल्या. दुपारी वडी बदलणारं आता कुणी नव्हतं, म्हणून चुलाण्याचं हवेचं भोक बोळ्यानं जवळजवळ बंद करून ठेवायची. वडी मंद जळायची आणि संध्याकाळपर्यंत टिकायची. खोलीत वाऱ्याची एक झुळूक येईना. मिसुनच्या नाकाचा लाल शेंडा पहिल्यांदाच पूर्ववत झाला. मालसुकला वाटलं, जमलं बाई आपल्याला, कुणाचे उपकार न घेता.

मग एका संध्याकाळी खिडकीच्या कागदाला वर, कोपऱ्यात, एक भोक दिसलं. तिला वाटलं मांजराचं काम. तिनं तुकडा चिकटवला. दोन दिवसांनी पुन्हा भोक, तिथेच.

रविवारी ती घरात मिसुनचं परकर-पोलकं शिवत बसली होती. खिडकीच्या कागदावर बाहेरून सावली पडली. बघते तो कोपऱ्यात कागद ओला झाला, फुगला, आणि त्यातून एक बोट आत आलं. सुरकुतलेलं, नखाशी राखेनं काळं झालेलं. ते बोट गोल फिरलं, भोक मोठं केलं आणि परत गेलं. मिसुन खुदकन हसली. मालसुकच्या अंगाचा तिळपापड झाला. एक वाक्य तोंडातून गेलं, कबूल, पण म्हणून लेकराच्या अंगावर वारा सोडायचा? बाहेर जाऊन जाब विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण जाब विचारायचा तर आधी स्वतःच्या वाक्याची माफी मागावी लागली असती. तिनं त्या भोकावर दुहेरी कागद लावला, वरून कापडाची पट्टी लावली, आणि कपाट ओढून खिडकीशी आणलं.

बुधवारी सकाळी तिला जाग आली ती डोकं फुटेल असं दुखत असताना. कपाटाच्या कडेनं, खिडकीच्या कागदातून उजेड आत आला होता. म्हणजे कारखान्याची वेळ टळली होती. ती उठायला गेली, पण पाय तिचे नव्हतेच. कापसाचे असावेत तसे ते गादीवर पडून होते. तिनं मिसुनला हाक मारली. आवाज घशातच राहिला. पोर शेजारी निजली होती, गाल गुलाबी, तोंड किंचित उघडं, आणि हलवलं तर मान नुसतीच कलंडली. तेव्हा मालसुकला कळलं काय झालंय ते. वस्तीत दर हिवाळ्यात कुणाकुणाला कोळशाच्या वायूची बाधा झाल्याचं ती ऐकत आली होती.

ती पोटावर सरकत दाराशी गेली. कडीपर्यंत हात पोचेना. दाराच्या पायाशी कोंबलेली एक चिंधी तिनं ओढून काढली आणि तिथे नाक लावलं. पुढचं तिला तुटक तुटक आठवतं. काकूंचा आवाज, "मिसुनची आई, नळावर आली नाहीस ती?" मग दाराच्या कागद लावलेल्या लाकडी जाळीवर लाथा. एक, दोन, आणि जाळी मोडून काकूंचा पाय आत, त्याच दुखऱ्या कमरेचा. मग पाठीखाली बर्फ, आणि डोळ्यांवर इतकं स्वच्छ आभाळ की बघवेना.

काकूंनी आधी मिसुनला बाहेर आणलं होतं. रांजणावरचा बर्फ फोडून मुळ्याच्या किमचीचं, म्हणजे खारवलेल्या लोणच्याचं, गार पाणी त्या तिच्या तोंडात चमच्या-चमच्यानं घालत होत्या. कोळशाच्या वायूवर त्या काळी सगळे तोच उपाय करत.

"गिळ गं, माझ्या सोन्या. गिळ. ओरड माझ्यावर, पण गिळ."

मिसुनला ठसका लागला, ती ओकली, आणि मग तिनं असं भोकाड पसरलं की गल्लीतली दारं उघडली. मालसुकला त्या रडण्याइतकं गोड काही आजवर ऐकल्याचं आठवत नव्हतं. बर्फात पडल्या पडल्या ती रडू लागली.

"आता तू नको सुरू करूस," काकू म्हणाल्या आणि तिच्याही तोंडाला वाटी लावली. "पी. खारट आहे म्हणून तोंड वाकडं करू नकोस."

एक शेजारी मिसुनला पाठुंगळीला घेऊन टेकडीखालच्या डॉक्टरांकडे पळाला, मालसुकला दोघांनी हातगाडीवर घातलं. डॉक्टरांनी दोघींना तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं, आणि हवा खेळती असेल अशा खोलीत निजा, असं सांगून संध्याकाळी घरी सोडलं. घरी म्हणजे काकूंच्या खोलीत. काकूंनी चुलाण्याजवळच्या सगळ्यात उबदार जागेवर दोघींचं अंथरूण घातलं होतं, आणि गोधडीखाली, गरम राहावा म्हणून, भाताचा झाकलेला वाडगा ठेवला होता. मालसुकनं झाकण काढलं तर वाफ आली. लग्न होऊन गाव सोडल्यापासून तिच्यासाठी असा भात कुणी ठेवला नव्हता. ती वाडगा मांडीवर धरून बसली.

"काकू, ते भोक," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही त्यासाठी पाडत होता?"

"मग काय, मला हौस होती तुझ्या खिडकीखाली मडकं उपडं घालून त्यावर चढायची? घर गरम ठेवायचं म्हणजे बाटलीला बूच लावायचं नसतं गं. घरालाही नाक लागतं. तू नाक चिमटून धरलंस आणि वर चुलाण्याचा गळाही आवळलास."

"मला सांगायचं होतंत."

"कसं सांगणार? आपण बोलत कुठे होतो?"

मालसुक त्यांच्याकडे बघत राहिली. काकूंनाही बहुधा आपलं बोलणं ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि गोधडीचा धागा तोडू लागल्या. "मी म्हातारी मूर्ख आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी कापडाची पट्टी बघितली, तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. दोन दिवस नुसती येरझाऱ्या घालत होते फाटकाशी."

"मूर्ख मी. गावावरून मी जे बोलले ते—"

"ते बोललीस खरं." काकूंनी मिसुनच्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग सांगू लागल्या, मालसुककडे न बघता, निजलेल्या मिसुनच्या केसांतून हात फिरवत. "आम्ही निघालो तेव्हा अशीच थंडी होती. सगळे म्हणत होते, तीन दिवसांत परत यायचंय. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं व्हा पुढे, मी घर सांभाळते. मी त्यांना तीन दिवसांचं सरपण आत रचून दिलं. निखाऱ्यांवर राख ओढून ठेवली, पाण्याच्या हंड्याला गोधडी गुंडाळली. सगळं नीट केलं. तीन दिवसांपुरतं सगळं अगदी नीट केलं गं."

मालसुकनं वाडगा खाली ठेवला आणि काकूंचा हात हातात घेतला. राखेनं काळं पडलेलं ते बोटही त्यात आलं. "मला माफ करा," ती म्हणाली. काकूंनी या वेळी हात झिडकारला नाही.

पुढच्या दिवसांत दोघींनी मिळून मालसुकची खोली उकरली. फरशीवर चिकटवलेला तेलकट पिवळा कागद सोलून काढला तर भिंतीलगत, नेमकी मिसुनच्या उशाशी, फरशीच्या सांध्यात आडवी भेग. थंडीनं माती आकसली होती, आणि वायू तिथूनच वर आला होता. शेजाऱ्यानं फरशी उचलून दिली. काकूंनी गवताचा भुसा घालून चिखल मळला, तोही गरम पाण्यात, कारण गार पाण्याचा चिखल हातातच गोठत होता. मालसुक गुडघ्यांवर बसून सांधे लिंपत गेली. दारं-खिडक्या उघड्या टाकून, चुलाण्यात जाळ ठेवून खोली वाळवली. मग काकूंनी भिजवलेल्या गवताचा धूर चुलाण्यात सोडला आणि दोघी ओणव्या होऊन, फरशीला गाल लावून, कुठे धूर येतो का ते बघत राहिल्या. मिसुनही गाल लावून पडली. धूर आला नाही. "आता बाळंतिणीला निजव हवं तर," काकू म्हणाल्या. खिडकीत वरच्या कोपऱ्यात मालसुकनं स्वतःच्या हातानं कात्रीनं चौकोनी झरोका कापला आणि त्यावर कागदाची उघड-बंद होणारी झडप लावली.

मिसुन पुन्हा दिवसभर काकूंकडे राहू लागली. संध्याकाळी मालसुक टेकडी चढून यायची, आणि दार सरकवताच पायाच्या तळव्यांना धग लागायची. रोज लागायची, तरी रोज ती क्षणभर तिथेच उभी राहायची. नवऱ्याला मात्र तिनं एवढंच कळवलं, की इथे घर उबदार आहे, घरमालकीण चांगली आहे, काळजी करू नये.

चांद्र नववर्षाच्या सकाळी काकूंनी उत्तरेच्या भिंतीपुढे पाट मांडून आपल्या गेलेल्या-दुरावलेल्या माणसांच्या नावानं पान वाढलं. ते आटोपल्यावर मालसुक मिसुनला नवं पोलकं घालून आत घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, बसा. आम्हाला नमस्कार करायचाय."

"मला कशाला? मी तुमची कोण? जा, सूप निवेल."

"बसा म्हटलं ना."

काकू बसल्या. पुन्हा उठल्या, केस सारखे केले, पुन्हा बसल्या. मालसुकनं दोन्ही हात कपाळाशी नेले आणि सावकाश, पुरा वाकून, कपाळ फरशीला टेकवून नमस्कार केला, आईला करावा तसा. तिच्या शेजारी मिसुनही वाकली आणि तोल जाऊन कोलांटी खाल्ली. काकू हसल्या नाहीत. सोलला आल्यापासून त्यांच्यापुढे असं कुणी वाकलं नव्हतं. "तुझ्या नवऱ्याचं जहाज सुखरूप येऊ दे," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या, आणि घाईघाईनं उठून कपाटात डोकं घातलं. बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. शेवटी पत्र्याचा डबा घेऊन वळल्या तेव्हा डोळे लाल होते. डब्यातली कुरमुऱ्यांची चिक्की त्यांनी मिसुनच्या हातावर ठेवली.

मिसुननं ती जागेवरच फस्त केली. मग डब्याकडे बघितलं, मग काकूंकडे.

"आणखी एक नमस्कार करू?"

"मिसुन," मालसुकनं दटावलं.

"करू दे की," काकू म्हणाल्या आणि परकर सावरून पुन्हा नीट बसल्या. "डबा भरलेला आहे."