सरसाने बुजवलेला अंगठा

सुताराच्या अंगठ्यात लाकडाचं कुसळ शिरलं, तर त्यावर इलाज ठरलेला. सुईने उकरून काढायचं, वर लाकूड चिकटवायचा सरस चोपडायचा आणि रंधा परत हातात. आपल्या सुतारानेही तेच केलं. त्याच्या जखमा जन्मभर अशाच गुमान भरून आल्या होत्या. पण तेव्हा अंग धडधाकट होतं. आता गोळ्या सोडून पाचवा दिवस होता.

गोळ्या अफूच्या जातीच्या, पाठदुखीसाठी घेतलेल्या. पाठ बरी झाली, गोळ्या मात्र मानगुटीवर बसल्या. "मला ताप आहे, मी घरी आईपाशीच थांबतो," असं बहिणीला सांगून या पठ्ठ्याने मरणाला टेकलेल्या आईची वेदनेच्या गोळ्यांची डबी स्वतःसाठी रिकामी केली. आई कण्हत कण्हत गेली. "सगळं सुटलं की ये, तोवर तोंड दाखवू नकोस," ताई म्हणाली. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

नाक गळतंय, घाम, हुडहुडी, ताप. "हे होणारच," व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "आठवड्यात ओसरेल." दहावा दिवस उजाडला तरी ताप हटेना आणि अंगठा टम्म फुगला. करावं तसं भरावं, म्हणत तो पडून राहिला. पाणी द्यायला कोणी नव्हतं. न राहवून त्याने फोन लावला.

"ताई, फार ताप आहे गं."

"आईच्या वेळीही तापच होता तुला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खोटं कुठे होतं ते? त्याला फार एकटं वाटलं, आणि तो रडला.

मनगटावर लाल रेघ चढली तेव्हा धडपडत केंद्रात गेला. डॉक्टरबाई भडकल्याच.

"अहो, या गोळ्यांनी अंगातले रोगाशी लढणारे राखणदार आधीच ढिले पडतात. एकदम सोडल्या की काही दिवस आणखीच थकतात. मग एवढीशी जखमही चिघळते. आधी का नाही आलात?"

"वाटलं, गोळ्या सोडल्याचाच ताप आहे. भोगून संपवावा."

अंगठा चिरायचा होता. घरच्या कुणाचा नंबर विचारल्यावर त्याने ताईचा दिला. बाईंनी फोन लावला.

"ताप खरा आहे का?" ताईने आधी तेच विचारलं.

"एकशे तीन. आणि तपासणीत गोळीचा मागमूस नाही."

ताईने केंद्राचा पत्ता विचारला.

सुताराने अंगठा पुढे केला.