किती आठवण येते?

मढची अंजनाबाई मासे विकून झाले की रिकामी पाटी आमच्या दाराबाहेर ठेवते आणि माझ्याकडे इंग्रजी शिकायला बसते. मी अंधेरीतली निवृत्त शिक्षिका. चुकीचं इंग्रजी ऐकलं की माझं डोकंच फिरतं. तिची नात रोशनी आयर्लंडला वाढतेय, तिला मराठीचा गंध नाही. फोनवर दर वेळी मुलगा मधे दुभाष्या. अंजनाबाईला आता नातीशी स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं.

लिटल, सम, सो मच, व्हेरी मच, सगळं मी तिच्याकडून घोटून घेतलं. 'टू मच' म्हणजे नको इतकं, मायेच्या माणसाला 'व्हेरी मच' म्हणायचं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. पण तिला आलं.

रविवारी माझ्याच सोफ्यावर बसून तिने व्हिडिओ कॉल लावला. रोशनीने इंग्रजीत विचारलं, "आजी, तुला माझी आठवण येते? किती?"

 अंजनाबाई म्हणाली, "लिटल."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती आमच्याकडे पाठ करून बसली.

मी उखडलेच. "अहो, व्हेरी मच म्हणा ना. एवढं शिकवलं ते सगळं पाण्यात?"

"येतं मना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पन होडी भरून आली तरी आमी थोडंच म्हावरं गावलं सांगतो. जास्त बोललं का नजर लागते. ही तर एकच नात हाय, बाई. आन् किती लांब."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिची भीती मला कळली, पण ती पाठमोरी पोर बघवत नव्हती.

"नजरेचं मागून बघू," मी म्हटलं. "आधी तिला ऐकू दे."

अंजनाबाईने फोन तोंडाजवळ धरला. "रोशनी, व्हेरी मच. सो मच. टू मच, बाय माझी, टू मच."

या वेळी मी तिची चूक काढली नाही. रोशनी वळली आणि खुदकन हसली.

ते हसू बघून अंजनाबाई घाबरीघुबरी झाली. "मीठ दे, बेगीन दे," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरातून मीठ आणलं, ते तिने माझ्या हातातून ओढलंच, आणि मूठ वळून फोनवरून दृष्ट काढायला लागली. रोशनीला वाटलं, आजी काहीतरी खेळतेय. तिनेही तिकडून इवलीशी मूठ वळली आणि आजीच्या चेहऱ्यासमोर गोल गोल फिरवायला लागली.

अंजनाबाईचा हात थांबला. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने फोनपुढे मान वाकवली, आणि पोरीचं होईपर्यंत तशीच बसून राहिली.