चौदाकडून तेराला

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांवर नाव नसतं, फक्त आकडा असतो. तेरा म्हणजे माझा दादा आणि चौदा म्हणजे त्याची आठ वर्षांची लेक, हे मला कळायला नको होतं. पण दोन्ही नमुने एकाच घरातून, कोंबड्यांच्या एकाच शेडवरून आले, तर कळायचं कसं राहील? मी काही दगड नाही.

दवाखान्यात दादा काचेपलीकडे होता. ताप उतरला तरी फोनवर त्याचा एकच धोशा.

"मेलेल्या कोंबड्या उचलल्या आणि तसाच घरी येऊन तिला कडेवर घेतलं. माझ्याकडूनच गेलं ना तिला? तू वाचतेस ना ते, वाचून सांग."

वाचायची होती विषाणूच्या जनुकांची तेरा हजार अक्षरं. यंत्र दुपारभर घुमत राहिलं, टेबलावर ऊन सांडलं आणि माझा डोळा लागला. अक्षरं कोंबड्या होऊन दाणे टिपायला लागली. सगळी सारखी, एखादीचंच पीस वेगळं. हा विषाणू स्वतःची नक्कल उतरवताना धांदरट कारकुनासारखा चुका करत सुटतो. बहुतेक वाया जातात, पण एखादी अशी जमते की पक्ष्यांचा हा पाहुणा माणसाच्या अंगात रुळायला लागतो. त्या एका पिसामागे मी स्वप्नात तरंगत फिरत होते आणि मला छान वाटत होतं. त्याची अजून लाज वाटते.

जाग आली तेव्हा पडद्यावर उत्तर होतं. शेडवरच्या कोंबड्यांच्या नमुन्यांमध्ये जुनं अक्षर. चौदामध्ये जुनं आणि नवं मिसळलेलं, म्हणजे बदल तिच्याच अंगात घडत होता. तेरामध्ये नुसतं नवं. मी तीनदा तपासलं. लेकीकडूनच बापाला गेलं होतं.

वहिनीला फोन केला तेव्हा उलगडा झाला. पोरीने आजारी पिल्लू चार दिवस स्वेटरमध्ये दडवलं होतं, आणि ओरडा बसेल म्हणून स्वतःचा तापही.

दादाला सांगितलं. मला वाटलं, सुटला बिचारा. पण त्याने विचारलं,

"तिला माहितीये?"

"नाही."

"मग कळू देऊ नकोस. माझ्याकडून गेलं म्हण."

"अहवालात मी खोटं लिहिणार नाही, दादा."

"तिथे खरंच लिही. तिथे आकडे असतात. मी घरातलं बोलतोय."

अहवालात मी खरं तेच लिहिलं. माणसाकडून माणसाला गेलं म्हटल्यावर साहेबांचे फोन थांबेनात. ते तसेच वाजत ठेवून मी दवाखान्यात भाचीच्या खोलीपाशी गेले. तिने काचेपलीकडून फोन उचलला.

"आत्या, माझ्या पिल्लामुळे बाबांना झालं का?"

कामात एका अक्षराचीही फिरवाफिरव न केलेली मी म्हणाले, "नाही गं. बाबांनी कोंबड्या उचलल्या आणि कपडे न बदलता तुला घेतलं. त्यांचंच चुकलं."

ती जरा विचारात पडली.

"मग त्यांना सांग, मी रागावले नाहीये."