सातवा फर्मा

शेण खाल्लं मी, दुसरं काय. आणि तेही चारचौघांत, छापून.

स्वतःच्याच आयुष्यावर कादंबरी लिहिली. आई दवाखान्यात असताना मी सिनेमाला गेलो होतो, मित्राचं प्रेमपत्र वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, सगळं घडाघडा कबूल केलं. प्रकाशक म्हणाले, "एवढं नागडं कुणी लिहीत नाही हो." आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. आपली लाज बाहेर काढली की लोक पाठ थोपटतात, याची मला चटक लागली होती.

त्यात ताईचं एक प्रकरण होतं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाबरोबर पळून जाणार होती. त्याला दिवस आणि वेळ कळवायची चिठ्ठी तिनं माझ्या हाती दिली. ठरल्या दिवशी ती सकाळपासून बसस्टँडवर बसून राहिली. तो आलाच नाही. संध्याकाळी बॅग घेऊन घरी आली आणि पुढे लग्नाचं नाव काढलं नाही. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. मी नाव बदललं आणि लिहून टाकलं. तिच्या भुवईवरचा भाजल्याचा डाग मात्र तसाच ठेवला, वर्णन चांगलं जमलं होतं म्हणून.

ताई पुस्तकं बांधायच्या कारखान्यात घड्या घालते. तिथल्या बायकांना काम मिळावं म्हणून मीच प्रकाशकांना तो कारखाना सुचवला. वर शहाणपणा असा, की घड्या घालणाऱ्या बायका पानांचे आकडे बघतात, मजकूर कोण वाचतंय. सोळा पानांच्या छापील कागदाला तिथं फर्मा म्हणतात. एका बाईला एकच फर्मा, गठ्ठा संपेपर्यंत. ताईच्या वाट्याला सातवा आला.

पहिली प्रत बघायला गेलो, तर लांब टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका गप्प झाल्या. एकीनं ताईच्या भुवईकडे बघितलं आणि मान खाली घातली. ताईच्या पुढ्यात सातव्या फर्म्याचा ढीग होता. हजार प्रतींचं काम. हजार वेळा तिला त्या बसस्टँडवरून हात फिरवायचा होता आणि घडीवर पट्टी दाबायची होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तिला मागच्या जिन्यात बोलावलं. म्हटलं, "ताई, हा फर्मा रद्द करायला सांगतो. ते प्रकरण काढून पुन्हा छापू."

"राहू दे. कळायचं ते सगळ्यांना कळलं." ती पायरीवर टेकली. "पहिल्या दिवशी वाटलं, तुझं थोबाड फोडावं. माझी गोष्ट होती. एका शब्दानं विचारायचंस तरी."

"चुकलं माझं."

"चुकलंच. पण एक सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं, तू चिठ्ठी दिलीच नसशील. तुला कधी विचारलं नाही, पण आत सलत राहिलं. मग एकशे सातवं पान वाचलं. 'चिठ्ठी मी त्याच्या हातात ठेवली.' स्वतःचं इतकं वाईटसाईट लिहिणारा माणूस तेवढंच खोटं कशाला लिहील?"

तिनं माझा हात धरला. तिची बोटं कागदानं कापलेली, टोकं शाईनं काळी.

"सख्ख्या भावावर संशय घेतला मी. मनात धरू नकोस, छोट्या."

चिठ्ठी मी फाडली होती. माझी परीक्षा तोंडावर होती, ताई गेली तर माझा अभ्यास कोण घेणार म्हणून. चार मसुद्यांत तसंच लिहिलं होतं. पाचव्यात बदललं, कारण त्यानंतर वाचकाला माझी कीव येईना.

आता तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. "ताई, तो फर्मा..." एवढंच बाहेर आलं.

"राहू दे म्हटलं ना. अब्रू गेली ती गेली, निदान खऱ्यासाठी गेली," ती म्हणाली, आणि उरलेला गठ्ठा संपवायला आत गेली.