गणेशच्या नावाची घागर

“घागर भरू का नोको, एवढंच सांगा मॅडम,” प्रयागबाई म्हणाल्या. “बाकी मी तुमाले काई इचारत नाही.”

दोन दिवसांवर अक्षय तृतीया आली होती. कामरगावात तिला अखजी म्हणतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने त्या दिवशी पाण्याची घागर भरतात. प्रयागबाईंचा मुलगा गणेश दोन वर्षांपूर्वी आखातात ट्रक चालवायला गेला होता. अकरा महिने झाले, त्याचा फोन बंद होता. त्याच्या नावाने घागर भरायची, म्हणजे तो गेला असं मानायचं.

“किती दिवस वाट पाहावं मानसानं?” जगदेवकाका टोपी मांडीवर ठेवून म्हणाले. “मी म्हनतो, भरून टाकू आन् मोकळं होऊ. पन थे आयकत नाही.”

माणिकरावांच्या घराची पायरी जगदेवकाकांच्या घराण्यातलं कोणी आजवर चढलं नव्हतं. आज नवरा-बायको दोघंही चढले होते आणि समोर ठेवलेला चहा त्यांनी घेतला होता. माणिकरावांची मुलगी रत्नमाला गणेश गेला त्याच देशात, भारताच्या वकिलातीत अधिकारी होती. नोकरीचं पहिलं वर्ष संपवून ती आठ दिवसांच्या रजेवर आली होती.

कालच गावाने तिचा सत्कार केला होता. फलकावर ‘देशाच्या राजदूत’ असं छापलं होतं. राजदूतसाहेब तिच्यापेक्षा पाच पायऱ्या वर बसतात हे सांगायचं राहूनच गेलं. सरपंच म्हणाले, आपली पोरगी राजेलोकांच्या पंगतीला बसते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते असं. वर्षभरात तिने मेजवान्या दोनच पाहिल्या, त्याही दाराशी उभं राहून पाहुण्यांची नावं यादीशी जुळवत. बाकीचं वर्ष शवागारात, इस्पितळात आणि तुरुंगात गेलं.

गणेश तिला तुरुंगातच भेटला होता, जाड काचेच्या पलीकडे. एकदा नव्हे, तीनदा. त्याच्या ट्रकखाली एक माणूस मेला होता आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली होती. मॅडम कामरगावच्या आहेत हे कळल्यावर पहिल्या भेटीत तो फक्त रडला. मग वकिलातीच्या कागदावर ‘घरी कळवावं का’ या रकान्यापुढे त्याने ‘नाही’ लिहून सही केली.

“माया हातानं मानूस मेला, हे आईले नोका सांगू,” तो म्हणाला होता. “थे जगनार नाही.”

कैद्याने नाही म्हटलं की वकिलातीने कोणाला चकार शब्द सांगायचा नसतो. आज सकाळी प्रयागबाई येणार असं कळल्यावर रत्नमालाने वरिष्ठांना फोन करून पाहिला होता. त्यांनी शांतपणे सांगितलं, हा नियम आपल्या सोयीसाठी नाही, त्या माणसासाठी आहे. तिला उलट बोलता आलं नाही, कारण ते खरं होतं.

“काकू,” ती म्हणाली, “मला काही सांगता येत नाही. धीर धरा. जे करता येईल ते आम्ही करतो आहोत.”

अशी वाक्यं बोलायला ती वर्षभरात चांगली शिकली होती. ती कुठेही अडकत नाहीत आणि त्यांत कोणी सापडत नाही. प्रयागबाईंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“समजलं,” त्या म्हणाल्या. उठल्या आणि पदर सावरून बाहेर पडल्या. जगदेवकाका टोपी हातातच धरून त्यांच्या मागे गेले.

त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून माणिकराव परत आले.

“काय सांगतलं व तू त्यायले?”

“काहीच नाही, बाबा.”

“तेच तं. आपल्याकडं मयताचा निरोप नेनारा मानूस कधी ‘मेला’ म्हनते का? काई सांगता येत नाही म्हनते, धीर धरा म्हनते. मीच धा घरी असा निरोप देला हाय.”

रत्नमालाला हे ठाऊक होतं. आजोबा गेले तेव्हा तिच्या आईला असंच सांगितलं होतं. दिल्लीत आणि परदेशात राहून ती विसरली होती. काही न सांगता तिने सगळं चुकीचं सांगून टाकलं होतं. तो दिवस आणि दुसरा दिवस तिने घरातच येरझाऱ्या घालत काढला, आणि अखजीच्या सकाळी मात्र तिला राहवलं नाही.

जगदेवकाकांच्या ओसरीत पाटावर नवी घागर होती, पाण्याने भरलेली, वर खरबूज ठेवलेलं. प्रयागबाई शेजारी बसल्या होत्या, जगदेवकाका खांबाशी.

“काकू, गणेश आहे,” ती म्हणाली. नोकरीचं काय होईल ते होवो. “जिवंत आहे तो.”

“कोठं हाय?”

“ते नाही सांगता येत.”

“मंग फोन काहून नाही करत तो?”

 तो जिवंत असल्याचा पुरावा होता, पण तो त्या देशातल्या एका कपाटात, गणेशच्याच सहीखाली होता. प्रयागबाईंनी तिचा हात हातात घेतला.

“तुमाले वाईट वाटून राह्यलं, म्हनून मन राखून राह्यल्या. नोका राखू, माय. परवा तुमी खरं बोलल्या. त्या दिवसापासून मले झोप लागून राह्यली.”

रत्नमालाला रडू फुटलं. प्रयागबाईच तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, आणि ते बघून जगदेवकाकांची उरलीसुरली शंकाही मिटली.

रजा संपवून परत गेल्यावर तिने पहिला अर्ज तुरुंगभेटीचा केला. गणेश काचेपलीकडे येऊन बसला. तिने त्याला सगळं सांगितलं, काही न झाकता, आणि नवा कागद फटीतून पुढे सरकवला.

“आता तरी हो लिहा गणेशभाऊ. मी आजच फोन करते.”

त्याने कागद जवळ ओढला.

“आई झोपते म्हनाली?”

“हो.”

“मंग झोपू द्या तिले,” तो म्हणाला. “मेलेल्या पोराच्या मायजोळ लोकं येऊन बसतात. मानूस मारनाऱ्याच्या मायजोळ कोन बसन?”

त्याने पेन उचललं आणि थांबला.

“घागरीवर खरबूज ठेवलं होतं का?”

“होतं.”

“मले लय आवडे,” तो म्हणाला, आणि रकान्यात ‘नाही’ लिहून खाली सही केली.