रुंपीबाबाची कुंडी

आटपाडीच्या हायस्कूलचे शिपाई आप्पासो यांना १९९६च्या स्नेहसंमेलनात अचानक जर्मन व्हावं लागलं. मुख्य काम करणाऱ्या पोराला गालगुंड झालं होतं, आणि दाढीवाला दुसरा माणूस शाळेत नव्हता.

"रुम्फियस नाव त्याचं," नाटक बसवणाऱ्या आम्रपालीबाईंनी समजावलं. "साडेतीनशे वर्षांपूर्वीचा जर्मन पंडित. डचांच्या चाकरीत दूरच्या बेटावर गेला. तिथल्या झाडाझुडपांवर ग्रंथ लिहायला घेतला नि आंधळा झाला. बायको-मुलगी भूकंपात गेली, चित्रं जळाली, ग्रंथ नेणारं जहाज बुडालं. नक्कल होती म्हणून बरं. पण त्यानं काम सोडलं नाही."

"आवं बाई, त्याला कुणी उतारा सांगितला न्हाई व्हय?"

आप्पासो पिढीजात मेंढपाळ. झाडपाला त्यांना तोंडपाठ. काम सोपं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधायची, कुंडीतलं पान हुंगायचं आणि पढवलेलं नाव सांगायचं. कुंड्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसो यांनी शाळेला भेट दिलेल्या.

तुळस, अडुळसा बिनघोर पार पडले. तिसरी कुंडी वेखंडाची. आप्पासोंनी पात चुरगाळली, हुंगली, पुन्हा हुंगली. जीभ रेटेना.

"बाई, ह्याला वासच न्हाई," ते माइकवरच बोलले. "ह्ये वड्यातलं पाणकणीस हाय."

"आप्पासो, पाठ केलेलं बोला!" बाई पडद्याआडून कुजबुजल्या.

"आवं, त्यो रुंपीबाबा आंधळा हुता, खोटारडा न्हवता!"

पहिल्या रांगेतले भाऊसो लालबुंद होऊन उठणार, तोच शेजारच्या अंबूबाई, त्यांच्या पत्नी, ताडकन उभ्या राहिल्या.

"तरीच! घरीबी ह्यांनी हीच कुंडी आणलीया. नातू लवकर बोलावा म्हणून चार म्हैनं मूळ उगाळून चाटवतीया. पोरगं बोलंना, नुसतं थुकतंय!"

मांडव हसून लोळला. नाटक तिथंच संपलं. पट्टीआड आप्पासोंना एवढंच कळलं, की आपली नोकरी गेली. चाचपडत आत जाताना ते पेटीवर आपटले.

सकाळी भाऊसो शाळेत आले. आप्पासोंनी घाबरून घंटा दहा मिनिटं आधीच दिली.

"चला आप्पा," भाऊसो पडेल आवाजात म्हणाले. "राहिलेल्या कुंड्या हुंगून दावा. घरात मला कुणी बोलू द्यायना."

दुपारपर्यंत दोघं वाकून पानं हुंगत होते आणि बाई पाट्या बदलत होत्या. शतावरी खरी निघाली, तेव्हा भाऊसोंनी तिला हात जोडले.

मधल्या सुट्टीत आप्पासोंनी बाईंना गाठलं. "त्याचं पुस्तक छापलं का वो पुढं?"

"छापलं. तो गेल्यावर चाळीसेक वर्षांनी."



"लय दमाचा गडी," आप्पासो म्हणाले, आणि पाण्याची झारी भरायला गेले.